कामोणीला रात्र दाखवू नये

लाँड्रीतल्या इस्त्रीवालीला सगळी गल्ली आत्या म्हणत असे. आत्या व्हायला निदान एक भाऊ लागतो आणि तिला भाऊ नव्हता. बहीणही नव्हती. कुणीतरी कधीतरी आत्या म्हणालं आणि ते चिकटलं, एवढंच. "माझा एखादा भाऊ असता तर," असं ती बोलायला लागली की लाँड्रीचा मालक हातातलं काम न थांबवता म्हणायचा, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." ती हसायची. तोच तो विनोद ऐकून रोज हसायला माणूस एकतर फार चांगलं लागतं, नाहीतर फार एकटं. आत्या चांगली होती, पण इतकीही नव्हे.

काम सगळं उभ्याने. पाणी शिंपडायचं, कॉलर आधी, मग बाह्या, मग पाठ, मग घडी. संध्याकाळपर्यंत पाय जड व्हायचे आणि चपलेचा पट्टा रुतून वळ उठायचा. उभ्याने काम करणाऱ्याचे पाय असेच असतात असं म्हणून ती तिकडे बघतही नसे.

लाँड्रीमागच्या भिंतीशी एक गळका नळ होता आणि त्याच्या ओलीवर कामोणी आपोआप उगवायची. गुडघ्याएवढं झुडूप, मिरचीच्या रोपाला येतात तशी बारीक पांढरी फुलं, आणि घोसाघोसाने लागणारी फळं, आधी हिरवी, मग काळीभोर. मालक त्याला तण म्हणायचा. आत्याच्या आईच्या लेखी मात्र ते औषध होतं. अंगावर सूज चढली, तोंड आलं, की आई कामोणीचा पाला शिजवून द्यायची. तिचे नियम कडक होते. नीट ओळख पटल्याशिवाय तोडायची नाही. हिरव्या फळाला हात लावायचा नाही. आणि पाला त्याच दिवशी तोडायचा, शिजवायचा, खाऊन मोकळं व्हायचं. शिळी कामोणी विषासारखी, असं ती म्हणे. "कामोणीला रात्र दाखवू नये," हे तिचं वाक्य आत्याच्या कानात अजून जसंच्या तसं होतं.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घड्याळजी राहायचे. बायको गेली, नजर मंदावली, तेव्हा त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं. मुलगी लांबच्या शहरात. एकदा ते पॅंट इस्त्रीला घेऊन आले तेव्हा बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या, कारण बांधता येत नव्हत्या, इतके पाय सुजले होते. आत्याने विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत का?" दाखवलं होतं. गोळ्या चालू होत्या. मुलगी त्यांना आपल्याकडे कायमचं न्यायला निघाली होती, पण सूज पूर्ण उतरल्याशिवाय एवढा प्रवास नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्याने कामोणीचं सांगितलं. घड्याळजींनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पालेभाजी म्हणून खायची तर खा, गोळ्या मात्र सोडू नका.

तेव्हापासून आत्या काम सुटलं की पाला खुडायची, घरी जाऊन शिजवायची आणि झाकणाच्या वाटीत घालून तीन जिने चढायची. घड्याळजी दार उघडून म्हणायचे, "या आत्या, बसा." दिवसभरात तिला बसा म्हणणारं ते एकच माणूस होतं. ते खायचे, तोंड वाकडं करायचे, म्हणायचे, "कडू कडू म्हणून किती कडू असावं?" ती म्हणायची, "औषध आहे, श्रीखंड नव्हे." मग ती खाली बसून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबायची. सुजलेल्या पायात खड्डा पडतो आणि तसाच राहतो. पाय बरा असेल तर अंगठा उचलला की कातडी जागच्या जागी येते. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, सूज?" घड्याळजी म्हणायचे, "ते आत्या सांगतील," आणि फोन तिच्या हातात द्यायचे.

सुरुवातीला आत्या खरं तेच सांगायची. जास्त आहे, जरा कमी वाटते. मग एका संध्याकाळी तिने अंगठा उचलला आणि खड्डा पडलाच नाही. तिने पुन्हा दाबून पाहिलं. नाहीच. फोनवर मुलगी वाट बघत होती. आत्या म्हणाली, "आहे अजून थोडी."

घरी जाताना तिने स्वतःला समजावलं की एकदम सांगून पुन्हा चढली तर काय, चार दिवस बघू. चार दिवसांनी तेच. पुढे समजावणंही बंद झालं. रोज वाटी, रोज जिने, रोज अंगठा, आणि "आहे अजून थोडी." तिकडे मुलगी काळजीने कोमेजत चालली होती हे आत्याला फोनमधल्या आवाजावरून कळत होतं. तिला वाईटही वाटायचं. पण सूज उतरली असं म्हटलं की घड्याळजी जाणार, आणि मग संध्याकाळी काम सुटल्यावर जायचं कुठे? म्हणून ती खोटं बोलत राहिली.

शेवटी मुलगीच आली. आत्या वाटी घेऊन दारात उभी राहिली तर दार मुलीने उघडलं आणि तिने आत्याचे दोन्ही हात हातात घेतले. "आत्या, तुम्ही होतात म्हणून मी तिकडे नोकरी करू शकले," ती म्हणाली. "पण आता मला राहवत नाही. इतक्या दिवसांत सूज उतरत नाही म्हणजे दुसरंच काही असेल. उद्या मोठ्या दवाखान्यात दाखवते. सुया टोचतील, ॲडमिटही करतील, पण इलाज नाही." तिचे डोळे भरून आले होते.

घड्याळजी खुर्चीत बसले होते. त्यांनी पाय पुढे केला. आत्या खाली बसली, अंगठा दाबला आणि उचलला. मुलगी वाकून बघत होती, पण बघायचं काय ते तिला कळत नव्हतं.

"उतरली," आत्या म्हणाली.

"म्हणजे? पूर्ण? केव्हा?"

आत्याची मान वर होईना.

"आजच," घड्याळजी म्हणाले. "कालपर्यंत होती. नाही का हो, आत्या?"

मुलगी रडत रडत हसली आणि तिकिटांचं बघायला फोन घेऊन गॅलरीत गेली. आत्या वाटीचं झाकण उघडून परत लावत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आत्या. खड्डा किती वेळात भरतो एवढं मला कळत नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

घड्याळजींनी वाटी तिच्या हातातून घेतली. "बोललो असतो तर तुम्ही आला असता का?" ते म्हणाले आणि ती कडू भाजी त्यांनी तोंड वाकडं न करता संपवली. वाटी त्यांनी स्वतः धुऊन, पुसून परत दिली.

दोन दिवसांनी ते गेले. नाड्या बांधून, काठीशिवाय जिना उतरले. मालक म्हणाला, "आत्या, तुझ्या त्या तणाने म्हातारा उभा केला की." आत्याने कॉलरवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवली.

काम सुटल्यावर ती सवयीने भिंतीपाशी गेली. ओंजळभर पाला खुडून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. टाकवेना, म्हणून तो घरी नेऊन तिने शिजवला. वाटीत काढला, झाकण लावलं आणि ती वाटीसमोर बसून राहिली. खिडकीतला उजेड कमी व्हायला लागला तशी तिला आईची आठवण झाली. वाटी तशीच ठेवून चालणार नव्हतं. आत्याने ती भाजी स्वतःच खाल्ली. फारच कडू होती. घड्याळजी रोज हे कसे खात होते, आणि सूज गेल्यावरही कशासाठी खात होते, हे प्रत्येक घासाला तिच्या मनात येत राहिलं.

तोंड धुऊन ती पुन्हा बसली. वळ उठलेला पाय पुढे घेतला, साडी वर सरकवली आणि नडगीवर अंगठा दाबला. मग उचलला. खड्डा पडला होता. तो भरून येण्याची वाट बघत ती बराच वेळ तशीच बसून राहिली.