बंदराची गाडी

बोईसरकडच्या नागझरीच्या पुढे डोंगराला टेकून एक पाडा आहे. तिथल्या जिवलीचा नवरा बुधा वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असायचा. डोंगरातल्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असं परक्याला वाटेल. पण या भागातल्या कित्येक पाड्यांवरचे बाप्ये नारळी पौर्णिमा झाली की सौराष्ट्रात जातात आणि तिथल्या बोटींवर खलाशी म्हणून राबतात. घरची भातशेती एवढीशी, तीही पावसाच्या भरवशाची. लावणीला बुधा घरी असे. कापणीला मात्र जिवलीच्या हातात विळा आणि बुधाच्या हातात जाळं, असं लग्नापासून चालत आलेलं.

तरी तेव्हा एक गाडी होती. पार वेरावळकडून निघायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कंपन्यांची पहिली पाळी आत गेली की बोईसरला थांबायची. कागदोपत्री तिला काय नाव होतं ते पाड्यावर कुणी लक्षात ठेवलं नाही. सगळे तिला बंदराची गाडी म्हणत. बोट धक्क्याला लागली, बर्फ-डिझेल भरायला चार दिवस मिळाले, की बुधा जनरलच्या डब्यात घुसायचा. दोन रात्री घरी काढायचा आणि त्याच गाडीनं परत जायचा. भात झोडायला यायचा, होळीला यायचा, मनात आलं तर मध्येही एकदा यायचा.

जिवली त्याला आणायला जाई. खरं तर आणण्याची काही गरज नव्हती, माणूस काही वाट चुकणार नव्हता. पण ती पहाटे उठून चूल आवरायची, मिळेल त्या रिक्षेनं बोईसर गाठायची आणि स्टेशनातल्या पुलाच्या खालच्या पायरीवर बसून राहायची. गाडीतून उतरणाऱ्या बुधाच्या अंगाला मासळीचा आणि डिझेलचा वास असे. मिठानं हात भेगाळलेले असत. तो हसायचा आणि म्हणायचा, "कशाला आलीस? मी येतच होतो." ती म्हणायची, "बाजार करायचा होता." मग खरंच चार कांदे घेऊन दोघं घरी जायचे.

मग करोना आला आणि सगळ्याच गाड्या थांबल्या. पुढं एकेक करून त्या सुरू झाल्या. बंदराची गाडी मात्र आली नाही. बोटवाल्या सेठांचं काम अडत नव्हतं. त्यांनी खलाशांसाठी बस पाठवायला सुरुवात केली. हायवेला चिल्हार फाट्यावर बस थांबायची, माणसं भरून न्यायची आणि मोसम संपला की आणून सोडायची. मधल्या काळात ये-जा उरली नाही. बुधा एकदा गेला की थेट आंबे उतरल्यावरच दिसू लागला.

पहिली दोन वर्षं जिवलीनं काढली. तिसऱ्या वर्षी माघात तिचा सासरा, रामूबाबा, गेला. शेवटचे आठ दिवस म्हातारा दाराकडं तोंड करून पडला होता आणि चाहूल लागली की "बुध्या हाय का?" विचारत होता. बुधाची बोट समुद्रात होती. फोन लागला तेव्हा चुलतभावानं अग्नी देऊनही झाला होता.

"दिवसांना तरी ये," जिवली म्हणाली.

बुधा म्हणाला, "येता येत नाय गं. गाडी नाय."

"जगातल्या सगळ्या गाड्या बंद हायत का?"

"हितनं तितं, तितनं आनखी कुटं. पोचीन तवर बोट परत पान्यात जाईल."

तिनं फोन ठेवून दिला. मनात असतं तर चालत आला असता, असं तिला वाटलं. तेव्हापासून तिच्या मनात अढी बसली. आंबे उतरल्यावर तो आला, बापाच्या रिकाम्या खाटेशी जाऊन बसला. तिनं त्याला भाकरी वाढली, पण नेहमीसारखी समोर बसली नाही.

जिवली तेव्हा सालवडला चार घरी धुणीभांडी करायची. त्यातलं एक घर कमलाकांत काकांचं. काका मूळचे चिंचणीचे, कंपनीतून निवृत्त झालेले आणि प्रवासी संघाचं काम बघणारे. एकदा ओटा पुसता पुसता तिनं त्यांना फोनवर कुणाला तरी वेरावळच्या गाडीबद्दल तावातावानं सांगताना ऐकलं. काका बोलून मोकळे होईपर्यंत ती फडकं हातात घेऊन उभी राहिली.

"काका, ती गाडी येनार हाय का परत?"

"तुला काय करायचंय त्या गाडीचं?"

"माजा नवरा येयाचा तिच्यात."

काका चष्मा काढून तिच्याकडं बघत राहिले. चार वर्षं ते अर्ज करत होते. त्यात व्यापाऱ्यांचा उल्लेख होता, कामगारांचा होता, सणासुदीचा होता. खलाशांच्या बायकांचा नव्हता. "पुढच्या बैठकीला तू चल," ते म्हणाले.

बैठक पालघरला होती. जिवली धुवट लुगडं नेसून काकांच्या शेजारी बसली. रेल्वेचे साहेब सभ्य होते, सगळ्यांना पाणी विचारत होते. त्यांनी सांगितलं की त्या गाडीचे डबे आता दुसऱ्याच गाडीला लावलेत. विरारपासून डहाणूपर्यंत नव्या मार्गिकांचं काम चाललंय, असलेल्या रुळांवर आधीच जागा नाही. शिवाय बोईसरहून त्या गाडीची तिकिटं फारशी खपत नव्हती. परतीची तिकिटं खलाशी तिकडूनच काढून आणत, हे काकांनी सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि टिपून घेतलं.

मग राजकारण निघालं. एका पुढाऱ्याचं पत्र होतं, गाडी बोईसरलाच थांबावी. दुसऱ्याचं होतं, जिल्ह्याचं ठिकाण पालघर, तेव्हा थांबा पालघरलाच हवा. दोन्ही ठिकाणी थांबा देता येत नव्हता. गाडी येण्याआधीच तिच्या थांब्यावरून दोघांची हमरीतुमरी चाललेली. दोन्ही पत्रं एकाच फायलीत एकमेकांना अडवून बसली होती.

शेवटी वाणगावची रिद्धी नावाची एक पोरगी उठली. ती पालघरच्या दवाखान्यात नर्स होती. "ती गाडी उशिरा आली की आमची सकाळची लोकल बाजूला काढून ठेवतात," ती म्हणाली. "रात्रपाळीच्या बाया माझी वाट बघत असतात. त्यांनी घरी कधी जायचं?"

जिवलीला वाटलं, हिचं काय चुकलं? काकांनी खुणावलं तेव्हा ती उभी राहिली, पण पाठ करून आणलेलं सगळं विसरली. "ही ताई बोलते ते खरं हाय," ती म्हणाली. "पन आमची मानसं तिकडंच अडकलीत. मयताला बी येत नायत." एवढं बोलून ती खाली बसली. रिद्धी तिच्याकडं वळून बघत होती.

साहेब म्हणाले, "गाडी रद्द झालेली नाही. स्थगित आहे."

परतताना जिवलीनं काकांना दोन्हींत फरक काय ते विचारलं. काका म्हणाले, "रद्द झाली म्हणजे संपली. स्थगित म्हणजे वाट बघायची." जिवली खिडकीतून बाहेर बघत राहिली. वाट बघणं तिला नवं नव्हतं.

मग निवडणूक जवळ आली आणि घोडं गंगेत न्हालं. गाडी सुरू होणार, पण आठवड्यातून एकदाच. नाव 'विशेष', भाडं जास्त, सगळे डबे आरक्षणाचे आणि मुदत तीन महिने. थांबा बोईसरला. पहिल्या दिवशी फलाटावर ही गर्दी. दोन्ही पुढाऱ्यांचे फलक शेजारी शेजारी लागले होते आणि दोन्हींवर 'वचन पाळले' असंच लिहिलं होतं. ताशे वाजत होते. गाडी उशिरा आली. इंजिनाला हार घालण्यावरून थोडी रेटारेटी झाली.

बुधा त्या गाडीत नाही हे जिवलीला ठाऊक होतं, त्याची बोट पाण्यात होती. तरी उतरणाऱ्या एकेका माणसाचा चेहरा ती बघत राहिली. शेजारच्या पाड्यावरचा एक खलाशी उतरला. त्याच्या बायकोनं त्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि दोघं चालू लागली. जिवली त्यांच्या पाठीकडं बघत उभी राहिली.

त्या संध्याकाळी ती मुलीला म्हणाली, "स्वाती, मी जाऊन येते."

"कुटं?"

"बंदरावर."

स्वाती तारापूरला कंपनीत पॅकिंगला होती, शिकलेली होती. आईनं वापीच्या पलीकडचं जग पाहिलेलं नाही हे तिला माहीत होतं. पण आईच्या तोंडाकडं बघून तिनं अडवलं नाही. भाड्याचे पैसे जमवण्यात दोन-अडीच महिने गेले. मग कमलाकांत काकांच्या हेमांगी काकूंनी मोबाइलवर जायचं-यायचं तिकीट काढून दिलं. गाडीची मुदत संपत आली होती, पण ती वाढणार असं सगळेच म्हणत होते.

जिवली रात्रभर खिडकीशी जागीच बसली. ज्या वाटेवरून तिचं माणूस इतकी वर्षं आलं-गेलं, ती वाट तिला झोपेत घालवायची नव्हती. सकाळी ती धक्क्यावर पोचली तेव्हा शेकडो बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. बुधाची त्यांत नव्हती. बोट चालवणाऱ्या तांडेलाच्या घरून कळलं, मासळी चांगली लागलीय, बोट दोन दिवस उशिरा येईल. पण परतीची गाडी दुसऱ्याच दिवशी होती.

धक्क्यावर हंसाबेन नावाच्या बाईची चहाची टपरी होती. डहाणू-तलासरीकडचे सगळे खलाशी तिच्याकडंच चहा पीत. "बुधाची बाई?" तिनं विचारलं आणि टपरीमागच्या खोलीत जिवलीला जागा करून दिली. तिची गुजराती जिवलीला अर्धीमुर्धी कळायची, पण तेवढं पुरत होतं. दुसऱ्या दिवशी गाडीची वेळ झाली. जिवली पिशवी घेऊन स्टेशनापर्यंत गेली. डबे लागलेले होते, तिच्या डब्याचा नंबर दाराशी दिसत होता. ती दाराशी थोडा वेळ उभी राहिली. मग मागे फिरली आणि पुन्हा हंसाबेनकडं येऊन कपबशा विसळायला बसली.

बोट लागली ती भर दुपारी. खलाशी मासळीच्या टोपल्या उतरवत होते. बुधाची नजर तिच्यावर पडली आणि त्याच्या हातातली टोपली तशीच राहिली. तो फळीवरून घाईघाईनं उतरून आला.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"कोनी नाय गेलं. मीच आली."

तो तिथंच खाली बसला. जिवली त्याच्या बाजूला बसली. त्याच्या दाढीत पांढरं आलं होतं. घरी ते कसं दिसलं नव्हतं, याचं तिला नवल वाटलं.

बोट पुन्हा निघेपर्यंत जेवढा वेळ मिळाला तेवढा त्यानं तिला सगळं दाखवण्यात घालवला. झोपायची जागा दाखवली, ती जेमतेम कूस बदलता येईल एवढी. फोनला रेंज मिळते तो धक्क्याचा कोपरा दाखवला. संध्याकाळी दोघं पाण्याकडं तोंड करून बसले. "तुला भ्या नाय वाटत?" तिनं विचारलं. "वाटतं ना," तो म्हणाला. "म्हनून डोंगर मनात धरून बसतो." बापाचं नाव मात्र त्यानं काढलं नाही, आणि तिनंही नाही.

बोट निघून गेल्यावर ती स्टेशनावर चौकशीला गेली तेव्हा कळलं की गाडीची मुदत वाढली नाही. तिनं सोडून दिलेली मागच्या आठवड्याची फेरीच शेवटची. निवडणूक होऊन गेली होती आणि रुळांचं काम पुन्हा पुढं आलं होतं.

मग जिवली तुकड्या-तुकड्यानं घरी आली. बसनं राजकोटला, तिथं ताटकळून पुढं अहमदाबादला, तिथून उभ्यानं सुरतेला. सुरतेहून मिळालेली गाडी बोईसरला थांबत नव्हती, म्हणून वापीला उतरून पुन्हा दुसरी. वापीच्या फलाटावर पाय सुजून टम्म झाले होते. तिथं बाकावर बसून तिनं हिशेब मांडला. दोन दिवस येण्यात, दोन दिवस जाण्यात. चार दिवसांसाठी धक्क्याला लागलेल्या बोटीवरचा माणूस घरी येऊन करणार काय? उंबऱ्याला हात लावून परत फिरणार. मनातली अढी तिथं बाकावरच सुटली. इतकी वर्षं आपण त्याला मनातल्या मनात काय काय बोललो, ते आठवून तिनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा पाय दुखतात म्हणाली.

आंबे उतरल्यावर बुधा सेठच्या बसनं आला. जिवलीनं त्याला भाकरी वाढली आणि समोर बसली. रामूबाबाचे शेवटचे आठ दिवस तिनं त्याला तेव्हा पहिल्यांदा सविस्तर सांगितले. दोघंही उशिरापर्यंत अंगणात होती.

पाऊस झाला, लावणी झाली, नारळी पौर्णिमा गेली. कमलाकांत काकांनी नवा अर्ज केला, त्यावर रिद्धीनंही सही केली. तिनं लोकलनंतरची वेळ सुचवली होती. उत्तर अजून आलेलं नव्हतं. चिल्हार फाट्यावर बस उभी राहिली. माणसं आपापल्या पिशव्या वर चढवत होती.

बुधा म्हणाला, "गाडी चालू झाली तर होळीला येन."

"तू कशाला धडपड करतोस," जिवली म्हणाली. "चालू झाली तर मी येन. नाय झाली तरी येन. वाट मना ठावी हाय."

बस हलली. तो खिडकीतून वाकून काहीतरी ओरडला, पण हायवेवरच्या ट्रकच्या आवाजात ते तिला ऐकू आलं नाही. बस दिसेनाशी झाली तरी ती काही वेळ फाट्यावर उभी होती. मग सालवडची कामं राहिली होती म्हणून तिनं बोईसरकडं जाणाऱ्या रिक्षेला हात केला.