आम्ही नाशिककडचे

मुलीच्या पुण्यातल्या फ्लॅटवर मी पहिल्यांदा राहायला गेले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणी चहाला आल्या. चांगल्या होत्या पोरी. एकीने माझ्या हातातला ट्रे घेतला आणि विचारलं, "काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मी तोंड उघडायच्या आत मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाशिककडचे आम्ही."

आमच्या नंदुरबारहून नाशिकला जायचं तर एसटीत अर्धा दिवस जातो. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. नाशिकची द्राक्षं यंदा कशी आहेत, असं दुसरीने विचारलं, तर तिलाही "बरी आहेत" म्हणून सांगून टाकलं.

तसं आमच्या गावाला नावं ठेवायला बाहेरचं माणूस लागत नाही. मी नंदुरबारच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. दिवाळीच्या सुट्टीआधी स्टाफरूममध्ये एकच विषय असायचा, सुरतेला कोण कधी जाणार. "आठे काय भेटस?", इथे काय मिळतं, असं म्हणत बायका साधा परकरसुद्धा सुरतहून आणायच्या. बदलून आलेल्या नव्या साहेबांना आम्हीच हसत सांगायचो, की सर, इथे नऊला गाव झोपतं, आणि सुरतेत जे दोन वर्षं खपत नाही ती आमची फॅशन. साहेब हसायचे. पुढे महिनाभराने तेच वाक्य साहेबांच्या तोंडून आलं, की मात्र कुणीतरी वहीत डोकं घालून म्हणायचं, "तसं काही नाही सर, आता बरंच सुधारलंय."

मीही त्यातलीच. जन्म जवळच्याच कोरीट गावचा, घरात सगळी अहिराणी. पण वर्गात एखादी मुलगी "बाई, मन्हाजोडे पेन नही शे" म्हणाली, की मी तिला उभी करून "माझ्याजवळ पेन नाही" असं म्हणायला लावायचे. स्वतःच्या मुलीशी तर पहिल्यापासून पुस्तकातली मराठी बोलले. तिचे वडील चिडायचे. "आपलीच पोर शे ती, पाव्हनी नही," म्हणायचे. ती बारावीत असताना ते गेले. त्यानंतर घरात अहिराणी बोलायचं काही कारणच राहिलं नाही. वर्षभरात तीही कॉलेजसाठी पुण्याला गेली.

मैत्रिणींचा तो चहा झाल्यानंतर वर्षभराने तिचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, तिनेच निवडलेला. लग्नही पुण्यालाच. "आई, तिकडे इतक्या लांब कोण येणार? आणि आले तरी त्यांना ठेवायचं कुठे?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी हो म्हटलं. फक्त बस्ता सुरतेला बांधायचा ठरला, तोही दोघींनीच.

सुरतेच्या दुकानात गादीवर बसलो. दुकानदाराने पाणी मागवलं आणि विचारलं, "कहाँ से आए, बेन?"

"नंदुरबार," मी म्हणाले.

त्याने मागे वळून हाक दिली, "अरे, वो नंदुरबारवाला माल निकाल."

नोकराने गठ्ठा आणून पसरला. राणी रंग, पोपटी, भडक केशरी, सगळ्यांवर टिकल्या आणि हातभर जर. "आपके यहाँ यही चलता है," दुकानदार खुशीत म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. इतकी वर्षं आमच्याकडची गिऱ्हाइकं बघून त्याला जे कळलं होतं, ते तो सांगत होता.

मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "भैया, हम पुणे से हैं. सोबर दिखाओ."

गठ्ठा तसाच गुंडाळला जाऊ लागला. त्यात एक राणी रंगाची साडी होती, तिला मोहरी रंगाचे काठ. इतकी सुंदर साडी मी बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. नोकर ती ओढत होता आणि पदर माझ्या हातात होता.

"आई, सोड ना," मुलगी हळू आवाजात म्हणाली.

मी हात काढला. माझ्यासाठी तिने राखाडी रंगाची एक साडी निवडली, बारीक चंदेरी काठांची. महागाची होती. "तुला ग्रेसफुल दिसेल," असं दोनदा म्हणाली.

लग्नात मी ती नेसले. कोरीटहून माझा भाऊ, वहिनी आणि भावकीतली पाच-सहा माणसं गाडी करून आली होती. वहिनी पोपटी साडीत, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सगळं घालून. तिने मला बाजूला घेतलं. "बाई, तू आजारी शे का? असा रंग काबरं नेसनी?" मी हसले. व्याही मंडळींनी सगळ्यांचं आगतस्वागत छान केलं, पण आमची माणसं हॉलच्या एका कडेला खुर्च्या जोडून बसली ती जेवणापर्यंत तिथून हलली नाहीत. मी निम्मा वेळ त्यांच्यात, निम्मा वेळ स्टेजपाशी. धड कुठेच नाही.

लग्नानंतर दोन महिन्यांनी मी निवृत्त झाले. शाळा होती तोवर दिवस आपोआप जायचा. आता सकाळी नऊलाच घरातली सगळी कामं उरकायची, आणि पुढे अख्खा दिवस उभा. एका मंगळवारी मी डब्यात दोन पोळ्या घेतल्या आणि सकाळच्या गाडीने एकटीच सुरतेला गेले. त्याच दुकानात. दुकानदाराने मला ओळखलं नाही. "कहाँ से?" म्हणाला. मी गाव सांगितलं आणि तो हाक मारायच्या आत म्हटलं, "वही माल दिखाओ."

नेमकी ती साडी नव्हती. तिच्यासारखी एक होती, काठ जरा वेगळे. ती घेतली.

पुढच्या रविवारी ती नेसून बसले होते, तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिने लगेच विचारलं, "ही कधी घेतलीस?" मी सांगितलं. ती स्क्रीनजवळ येऊन साडीच बघत राहिली. मला वाटलं चिडली. आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं तोंडातून निघूनच गेलं.

"तू मैत्रिणींना नाशिक का सांगितलंस गं?"

तिने मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला. समोर नुसती भिंत दिसत होती. मग तिचा आवाज आला.

हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यात तिने एक केशरी कुडता घातला होता, हिरवी लेस लावलेला. कापड मी निवडलं होतं. आमच्या शिंप्याकडे दोनदा खेटे घालून, पुण्याला जायचं म्हणून मुद्दाम शिवून घेतला होता. मुलींनी तिचा मागून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. बोलताना एकदा "शे" निघून गेलं, तर त्याचीही नक्कल झाली. वर्षभर तिला कुणी नावाने हाक मारली नाही. "ए नंदुरबार, मेसला येतेस का?" असं म्हणायच्या.

"मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"काय सांगू? तू किती हौसेने शिवून घेतला होतास. आणि बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं."

"रोज फोनवर तर मजेत आहे म्हणायचीस."

"तूही तेच म्हणायचीस की."

त्या वर्षी मी संध्याकाळी दिवासुद्धा लावत नसे. कुणी दारावरून गेलं, तर घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून गप्प बसून राहायचे. आणि आठला तिचा फोन आला, की घसा खाकरून "मजेत" म्हणायचे.

"आता ऑफिसात गाव बदलून सांगायचीही लाज वाटते गं," ती म्हणाली.

"राहू दे," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

दिवाळीनंतर ती चार दिवस एकटीच आली. पहिले दोन दिवस नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दारापुढच्या ओट्यावर बसले होते, तिथे येऊन टेकली. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, मग बराच वेळ काहीच नाही.

"तू रोज या वेळी काय करतेस?" तिने विचारलं.

"आठेच बसस," मी म्हणाले, तिच्याशी पहिल्यांदाच अहिराणीत.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पाय वर घेतले आणि अंधार पडेपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली. चौथ्या दिवशी ती पुण्याला परत गेली.