अक्काला काय म्हणून रडायचं

९ फेब्रुवारी २००५. तुरीला तेल चोळून माळवदावर वाळत घालत होते. तेवढ्यात शेजारच्या अक्काचं प्रेत सोलापूरच्या दवाखान्यातून जीपनं आलं. तुरीवर पोती टाकली आणि खाली उतरले.

अक्का काविळीनं गेली. नवऱ्यानं टाकल्यापासून ती भावाकडं राहायची. जत्रेत, गणपतीत, लग्नाच्या मांडवात माईक धरून एकटी उभी राहायची आणि मराठी, कन्नड, दखनी मिसळून लोकांना हसवायची. नाच नाही, गाणं नाही, जोडीला कुणी नाही. आमच्या आळंदच्या बाजूला तिच्याआधी कुण्या बाईनं असं केलेलं मी ऐकलं नव्हतं. लोक पोट धरून हसायचे आणि घरी गेल्यावर तिला नावं ठेवायचे.

भावानं मला दारातच गाठलं.

"वैनी, रडताना माईकचं काडू नका. उमरग्याचे पाहुणे दुःखाला आलेत. माझ्या पोरीचं लगीन ठरायलंय."

"मग काय म्हणून रडू?"

"सैपाकाचं म्हणा. काय बी म्हणा."

आमच्याकडं बायका मेलेल्या बाईचं काम घेऊन रडतात. शेरडं राखली असतील तर शेरडांचं नाव घेऊन, लोकर कातली असेल तर लोकरीचं. एकीचं झालं की दुसरी सूर धरते.

आधी अक्काची चुलती रडायला बसली. "माझे बाई, आता भाकरी कोण थापील गं!" अक्काची भाकरी कधी फुगली नव्हती, हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला माहीत होतं. दुसरीनं भाकरीचंच म्हटलं. तिसरीला काही सुचेना. बाहेर तिरडी बांधून होत आली होती. पोरगी आत्याच्या उशाशी मान खाली घालून बसली होती.

मी सूर धरला.

"माझे अक्का गं, भरल्या जत्रंत गड्यांपुढं एकली हुबारलीस गं! नवरा पुण्याहून फोन करतोय, म्हैस कशी हाय म्हणून इचारतोय, म्हणलीस गं! म्हैस बरी हाय, पर फोनवर यीत न्हाई म्हणायलीय, म्हणलीस गं!"

कुणी हसलं नाही. दोघी-तिघींनी तोंडात पदर कोंबला. उमरग्याच्या पाहुण्यांतली मुलाची आई उठली.

"पोरीची आत्या असली हाय, हे कामून सांगितलं न्हाई?" एवढं बोलून ती चपला घालून निघाली. तिच्या मागं बाकीचे पाहुणेही. प्रेत उचलेपर्यंतसुद्धा थांबले नाहीत.

भाऊ माझ्याकडं पाठ करून तिरडीकडं वळला. त्यानं खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीतीप्रमाणं पिठलं-भाकरी घेऊन गेले. भावजयीनं दार उघडलं, पण डबा हातात घेतला नाही. तो मी उंबऱ्याशी ठेवला, तशीच स्टँडवर गेले आणि उमरग्याची गाडी धरली. त्या मुलाच्या आईच्या घरी जाऊन पोरीसाठी बोलायचं होतं.