तापेराचं तिकीट

शुपिकाईचं नवऱ्याच्या घराण्यात कुणाशी पटलं नाही, आणि पटावं म्हणून तिनंही कधी जिवाचं रान केलं नाही. बुहेराच्या त्या कोरड्या मुलखात सुनेनं थोरांपुढं गुडघे टेकून, हलकी टाळी वाजवून बोलायची रीत. शुपिकाई गुडघे टेकायची, पण नजर खाली घालायची नाही. दात धरायला घराण्याला तेवढं पुरेसं होतं.

तिचा नवरा तापेरा बसवर कंडक्टर. स्वातंत्र्य मिळालं त्या साली लागला. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकीट टोचायचा चिमटा, आणि नियमाचा इतका पक्का की सख्ख्या बहिणीकडूनही पै न पै भाडं घ्यायचा. कंपनीच्या नियमानं माफी फक्त बायकोला. थोरली बहीण रेवाई हिच्या मनात अढी बसली ती तेव्हाच.

पुढं बारा वर्षांनी सरकारनं लोकांना काटकसर म्हणून कमरेचे पट्टे आवळायला सांगितलं. ज्यांच्याकडं पट्टाच नव्हता त्यांनी पोटं आवळली. कंपनी बंद पडली, पाऊसही फिरकला नाही, आणि तापेरा पिशवी-चिमटा घेऊन घरी आला. सहा महिने दारात मुका बसून राहिला. मग एका सकाळी उठून फाट्यावर गेला आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं भाडं मागू लागला. खताच्या पोत्याचा कागद, दोन्ही पोरींच्या वह्या, मिळेल ते फाडून तिकिटं द्यायचा. दगड मारणाऱ्यांनाही म्हणायचा, "आत सरका, आत सरका."

वेड कशानं लागलं? घराण्याला विचारा. म्हणे सुनेनं नवरा मुठीत ठेवायला भाजीत पालीचं शेपूट शिजवलं! आमच्याकडं पुरुषाचं डोकं फिरलं की बायकोच्या भांड्यातून हे शेपूट निघतंच. देशातले निम्मे कारखाने बंद पडले, तेही बहुतेक कुणाच्या तरी बायकोच्या पालीनंच पडले असावेत. मला या लोकांचा संताप येतो.

शेवटी रेवाईनं बैठक बोलावली. आमच्यात काडीमोड कागदावर होत नाही. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बायकोच्या हातात एक नाणं ठेवायचं, त्याला गुपुरो म्हणतात. ते मिळालं की बाईनं बोचकं उचलायचं. मुलं मात्र बापाकडं राहतात, कारण लग्नात तिच्या माहेरी गाई मोजून दिलेल्या असतात. म्हणजे शुपिकाईच्या दोन्ही पोरी रेवाईच्या ताब्यात जाणार होत्या. त्या कणगीमागं एकमेकींना धरून बसल्या होत्या.

"सूनबाई, खाली बस," रेवाई म्हणाली.

"बसलेच आहे, वातेते," नणंदेला म्हणतात तसं शुपिकाई म्हणाली. "याच्याखाली जायचं तर खड्डा खणावा लागेल."

"बघा, ऐका जीभ! याच जिभेनं माझा भाऊ खाल्ला."

"सहा महिन्यांत मूठभर पीठ तरी आणलंत का भावाला?"

"तुझ्या हातनं शिजवायला? दुसरं शेपूट घालायला?"

तापेराचे चुलते, म्हातारे मुनेमो, खाकरले. "भांडू नका. हे नवऱ्याच्या हातनंच व्हायला हवं. नाहीतर उद्या हिचे भाऊ दारात येतील."

"डोकं गेलंय, हात कुठं गेलेत?" रेवाई म्हणाली.

शुपिकाईला धास्ती होती ती त्याचीच. हातात असेल ते तापेरा कुणालाही देऊन टाकायचा. परवाच अंगातला सदरा वाटसरूला दिला होता.

पुतण्यांनी त्याला दंडाला धरून आणला. रेवाईनं त्याची मूठ उघडून नाणं ठेवलं. "दे. तिला दे."

तापेरानं नाण्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं. त्याची पाठ ताठ झाली. नाणं पिशवीत टाकून त्यानं कागद काढला, चिमट्यानं टोचला आणि रेवाईच्याच हातात दिला.

"कुठं उतरायचं, बाई? दारात उभं राहू नका."

कुणीतरी फिसकन हसलं. रेवाई तांबडीलाल झाली. तिनं दुसरं नाणं काढून त्याच्या मुठीत कोंबलं आणि त्याला ओढत शुपिकाईपुढं उभा केला. "हिला! या चेटकिणीला दे!"

तापेरानं खाली तिच्याकडं पाहिलं. शुपिकाईनं हात मांडीखाली दडपले होते.

"हिला तिकीट नाही," तो म्हणाला. "कंडक्टरची बायको आहे. हिला कुणी उतरवायचं नाही."

मुनेमो काठी टेकत उठले. "झालं. नवरा बोलला."

"वेडा आहे तो!"

"वेडा आहे ना? मग वेड्याच्या हातचं गुपुरो तरी कसं चालेल, रेवाई?"

रेवाई दुपारच्या गाडीनं गेली. जाताना अंगणात थुंकून गेली. बैठकीनं शुपिकाईला कुणी माणसात घेतलं असं नाही. विहिरीवरच्या बायका अजून तिची बादली बाजूला सरकवत. पण पोरी राहिल्या. त्या रात्री तिला वाटलं, हा कुठंतरी आत आहे, मला ओळखतो.

सकाळी ती पेज घेऊन फाट्यावर गेली. तापेरानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात पुढं केला.

"भाडं?"

रेवाईपुढं तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. आता धार लागली. पुसायचंही तिला सुचलं नाही. तिनं वाकून रस्त्यावरचा एक खडा उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"शेवटच्या थांब्यापर्यंत," ती म्हणाली.

त्यानं पोरीच्या वहीचा कागद काढला, टोचला, आणि तिकीट तिच्या हातात दिलं.