चाचांचं आडवं चित्र

अख्ख्या अकोटात मेलेलं यंत्र जिवंत करणारा माणूस एकच, आणि धडधाकट यंत्र उघडून मारणाराही तोच: आमचे गेमवाले चाचा. तसे ते माझे कुणी नात्यातले नव्हेत. बसस्टँडच्या मागे त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. उभ्या लाकडी पेट्या, आत टीव्ही, बाहेर दांडा आणि बटणं. सगळी पोरं त्यांना चाचा म्हणत, आणि त्या पोरांना कान धरून शाळेत न्यायला येणारा मी मास्तरही चाचाच म्हणू लागलो. आमचा पंखा त्यांनी एकदा इतका मनापासून दुरुस्त केला की तो उलटा फिरू लागला. तक्रार केली, तर शांतपणे म्हणाले, "गरम हवा वर फेकून राहिला तो, मास्तर. तुमी खाली बसा ना." आता या माणसाशी काय भांडणार?

मग कापसानं दगा दिल्याची ती वर्षं आली. बापाचं बोट धरून बाजाराला येणारी खेड्यांतली पोरं दिसेनाशी झाली आणि दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. पेट्या भंगारात गेल्या. पण त्यांच्या पोटातले बोर्ड चाचांनी जुन्या ओढण्यांत गुंडाळून कपाटात ठेवले. त्यातला विमानाच्या गेमचा बोर्ड चाचींचा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढून चाची तो गेम खेळत, आणि अशा खेळत की मागे उभ्या चाचांच्या हातातला चहा निवून जाई. "निकाहाच्या टायमाले हे कोणी सांगितलंच नाही मले," असं ते मोठ्या अभिमानानं सांगत.

त्या चाचींना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दिवसभर उजव्या कुशीवर पडून असत. डोळे उघडे, पण कुणाकडेच न बघणारे. डॉक्टर काय ते बोलले. चाचांनी ऐकून घेतलं, घरी आले आणि कपाट उघडलं. चाचींना तो गेम पुन्हा खेळवायचा, या एकाच गोष्टीनं त्यांना झपाटलं. मी म्हटलं, "अहो चाचा, बाईंचा हात चालत नाही." म्हणाले, "डावा चालते ना."

पेटीतला टीव्ही तर केव्हाच गेला होता. म्हणून कॉम्प्युटरचा चपटा मॉनिटर आणला, बोर्ड जोडला, आणि पडद्यावर काळोख. "बोर्ड जुना, सावकाश रेघा ओढते," चाचांनी मला समजावलं, "आन् हा नवा साहेब इतकं सावकाश ऐकूनच नाही राहिला." दोघांच्या मध्ये एक कन्व्हर्टर लागतो म्हणे. त्यासाठी त्यांनी अकोल्याच्या, अमरावतीच्या एसटीत किती धक्के खाल्ले देव जाणे. दुकानदार हसत. शेवटी तो दिल्लीहून आला. मग लाल रंग आला की हिरवा जाई, दोन्ही आले की चित्र वर पळत सुटे, आणि ते जरा थांबलं की लाइट जाई. मला तर त्यांचा राग यायला लागला होता. आजारी बायको घरात आणि हे तारा सोलत बसलेत. हे मी तोंडावर बोललोसुद्धा. त्यांनी सोल्डरिंगच्या धुरातून एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढची तार सोलायला घेतली.

एका रविवारी बोलावणं आलं. गेलो तर चाचींच्या खाटेसमोर मॉनिटर, चित्र स्वच्छ, स्थिर. आणि आडवं! या गेमच्या पेटीत टीव्ही कुशीवर वळवून उभा बसवलेला असतो, हे जन्मभर त्याच पेट्या उघडणारा माणूस विसरला होता. खालून वर जाणारं विमान डावीकडून उजवीकडे निघालं होतं. चाचा कपाळाला हात लावून बसले. मी मान वाकडी करून बघत होतो आणि खरं सांगतो, मला हसू आवरेना.

तेवढ्यात पडद्यावरचं विमान हललं. दांडा आणि बटण चाचांनी पोळपाटावर बसवून चाचींपुढे ठेवले होते, आणि चाचींचा डावा हात त्या दांड्यावर होता. आम्हा दोघांना आडवं दिसणारं चित्र कुशीवर पडलेल्या त्या बाईला अगदी सरळ दिसत होतं. चाचा खाटेशी वाकले. "दिखरा क्या तेरे कू सीधा?" चाची अर्ध्या तोंडानं हसल्या. मग चाचाही तिच्यामागे त्याच कुशीवर आडवे झाले आणि तिच्यावरून हात पुढे नेऊन गोळ्यांचं बटण त्यांनी सांभाळलं. विमान तिचं, गोळ्या यांच्या. मी चप्पल घालून निघालो, तर माझ्याकडे लक्ष द्यायलाही कुणाला सवड नव्हती.

पुढे कितीतरी दुपारी तो गेम चालला. थंडी संपता संपता चाची गेल्या.

परवा चाचांकडे गेलो होतो. खाट तिथेच आहे, मॉनिटरही. चाचा खाटेच्या मागच्या कडेला, पुढची जागा मोकळी सोडून, उजव्या कुशीवर पडले होते. माणूस थकलाय फार. मला राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, माझ्या ओळखीचा एक फिटर आहे, हा मॉनिटर उभा करून देईल. खुर्चीत बसून खेळा आता."

ते उठले नाहीत.

"राहू द्या, मास्तर," ते म्हणाले. "उभा केला तर तिले कसा दिसन?"