दोन छत्र्यांची सावली

गंगेकाठच्या पंचगंगा घाटावर पुजाऱ्यांच्या बांबूच्या मोठमोठ्या छत्र्या दुरुस्त करणारा एक म्हातारा मला रोज दिसायचा. तोंडात पान, आणि काम करता करता गुणगुणणं चालूच. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी शेजारशेजारच्या दोन पुजाऱ्यांचं जुंपलं. त्यांच्या छत्र्या सारख्याच मोठ्या, पण सावल्या मधोमध एकमेकींवर चढलेल्या. त्या तुकड्यात यात्रेकरू कोणी बसवायचे, यावरून वाद. मी गणिताचा शिक्षक, म्हणून दोघांनी मलाच धरलं. "मास्तर, तुम्हीच क्षेत्रफळ काढा आणि निम्मं निम्मं वाटून द्या!"

मी वहीत दोन वर्तुळं काढली, त्रिज्या लिहिल्या, कोन मांडला. पुढचं सूत्र काही केल्या आठवेना.

म्हातारा उठला. सावल्यांच्या कडा जिथे एकमेकींना छेदत होत्या, त्या दोन ठिकाणांमध्ये त्याने सुतळी ताणून ठेवली. "लीजिए, इधर आधा, उधर आधा."

अगदी बरोबर होतं. मी वही मिटली.

तेवढ्यात पायऱ्या चढून दमलेली एक आजीबाई आली आणि थेट त्या सुतळीवरच बसली. दोघेही पुजारी "अहो, अहो" करत धावले. म्हाताऱ्याने त्यांना हाताने थांबवलं.

"बैठिए माई. यहाँ दो छतरियों की छाँह है, सबसे ठंडी जगह यही है."

एवढा वेळ मी त्या जागेचं माप काढत होतो. तिथला गारवा माझ्या ध्यानातही आला नव्हता. पुजारी एकमेकांकडे बघून हसले. मग एकाने आजीला गंध लावलं आणि दुसऱ्याने तांब्याभर पाणी दिलं.