मीटरबाईचं बिनमीटरचं घर

अठ्ठावीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून, चपलांच्या कपाटामागे डोकं घालून जिने विजेचे मीटर वाचले, त्या बाईने म्हातारपणी घर बांधलं ते विजेच्या शेवटच्या खांबाच्याही पलीकडे. आता बोला! सगळे तिला मीटरबाई म्हणायचे आणि तिच्या घरालाच मीटर नव्हता. दाराला कुलूप दिसलं की बाकीचे अंदाजे रीडिंग लिहून मोकळे व्हायचे, ही पुन्हा जायची. एवढ्या वर्षांत तिने एकदाही खोटं रीडिंग लिहिलं नाही. वीज चोरणाऱ्यांना तर हिच्या चपलांच्या आवाजानेच घाम फुटायचा.

घर म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, त्यावर सहा सोलर पॅनेल, कपाटात बॅटऱ्या आणि चहूबाजूंनी भाजीचे वाफे. दुपारी तिथे वेळ पुढे सरकायचाच नाही, नुसता पसरून पडायचा. टोमॅटोच्या पानांचा वास खिडकीतून आत यायचा, फ्रिज स्वतःशीच गुणगुणायचा आणि मीटरबाई खाटेवर पडून ऐकत राहायची. ऊन तारेतून खाली उतरतंय, पंखा फिरवतंय, दूध गार करतंय, असं तिला अर्धवट झोपेत दिसायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची वीज मोजली, ही मात्र कुणीच मोजत नव्हतं. त्या गुंगीत ती इतकी सुखी असायची की डोळे उघडायचं अगदी जिवावर यायचं.

नवरा शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, तीही. मास्तरांची कुरकुर अखंड चालू. "दूध आणायचं तर दोन कोस तंगडतोड! आणि गप्पा मारायला कोण, तर दोडका!" हेच मास्तर रोज सकाळी वाफ्यात बसून कोवळ्या वेलांना सुतळीचे आधार बांधायचे, तेही गिऱ्हाइकाच्या बाहीला टीप घालावी इतक्या निगुतीने. पण मीटरबाईच्या कानांवर पडायची ती कुरकुर. स्वप्न आपलं आणि फरफट या माणसाची, हे तिला आतून सारखं टोचायचं.

मास्तरांना मधुमेह होता, इन्सुलिन फ्रिजमध्ये असायचं. त्यामुळे शहरात राहणारी लेक पहिल्या दिवसापासून या घराच्या विरोधात. शेवटी मीटरबाईने तिला शब्द दिला होता, "फ्रिज एकदा जरी बंद पडला, तर आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला येऊ." दर रविवारी लेकीचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "फ्रिज बंद पडला का?"

त्या आठवड्यात तीन दिवस आभाळ भरून राहिलं. मीटरबाईने पंखा बंद केला, रेडिओ बंद केला, पंप सोडून झारीने पाणी घातलं. शनिवारी लख्ख ऊन पडलं तशी ती म्हणाली, "सुटलो बाई एकदाचे!" आणि भर दुपारी फ्रिजची गुणगुण थांबली.

तिने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा. मास्तरांनी औषध काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि माठाशेजारच्या गार मडक्यात ठेवलं.

"एवढं ऊन आहे, मग वीज जाते कुठे?" तिने एकेक तार तपासली, एकेक जोड हलवून पाहिला. राहिलं फक्त छप्पर. गुडघ्यांमुळे ती वर्षभर शिडी चढली नव्हती, पॅनेल पुसायचं काम मास्तरांकडे होतं.

"अगं, तू नको चढूस, मी बघतो," मास्तर जरा जास्तच घाईने म्हणाले.

अठ्ठावीस वर्षं चोर पकडलेल्या बाईला ती घाई कळणार नाही होय? ती चढलीच. वर भोपळ्याचा वेल ऐसपैस पसरला होता. ताटाएवढ्या पानांनी एक पॅनेल पुरतं झाकलेलं, दुसरं अर्धं, आणि मधोमध एक हिरवा भोपळा घरचा मालक असल्यासारखा बसलेला.

"मास्तर!"

"मीच चढवला," खालून आवाज आला. "दुपारी पत्रा तापतो. तू झोपेत घामाने भिजतेस. म्हटलं, खोलीवर सावली होईल. तर हा मेला सरकत सरकत तिकडे गेला. हलवणार होतो, तेवढ्यात फळ धरलं. मग हात उचलेना. म्हटलं, चार पानांनी काय होतंय!"

"अहो, सगळी एका ओळीत जोडलीयत! एक झाकलं की बाकीचीही मान टाकतात!" तिने एक पान बाजूला सारलं. "कात्री आणा."

जन्मभर कात्री चालवलेला माणूस शिडीखाली तसाच उभा राहिला. "कापड पुन्हा जोडता येतं गं," तो म्हणाला.

मग दोघांनी मिळून वेल उतरवला. मास्तर छपरावर, ती शिडीवर, एकेक पान, एकेक तणावा सोडवत. भोपळा जुन्या चादरीच्या झोळीत बसून खाली आला. दोन वाजून दहा मिनिटांनी फ्रिज पुन्हा गुणगुणू लागला.

रविवारी फोन वाजला. मास्तरांनी दोन्ही हातांनी खुणा केल्या, नाही म्हण, नाही म्हण!

"पडला," मीटरबाई म्हणाली. "काल. बारा दहा ते दोन दहा."

लेक म्हणाली, "मग आई, ठरल्याप्रमाणे..."

"हो. शब्द दिलाय. बांधते सामान."

मास्तरांनी फोन हिसकावला. "शब्द तुझ्या आईने दिलाय. मला कुणी विचारलं होतं? तिला यायचं तर खुशाल येऊ दे. मी माझं घर सोडून कुठेही येणार नाही."

"बाबा! दर वेळी तुम्हीच तर तिथली कुरकुर करता!"

"माझ्या घरात मी कुरकुर करणार नाही, तर काय शेजाऱ्याच्या घरात जाऊन करू?"

लेक मग म्हणाली, "पुढच्या रविवारी मीच येते. औषधाची दुसरी सोय काय करायची, ते बसून ठरवू."

मास्तरांनी फोन ठेवला. मीटरबाई खाटेच्या कडेवर बसली होती. "माझं घर म्हणालात तुम्ही," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"मग कुणाचं म्हणू?" मास्तर चपला शोधत म्हणाले. "रडतेस काय, ऊठ. भोपळ्याखाली गवत घालायचंय, नाहीतर खालून सडेल."